बसल्या जागी लागणारा करंट

इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातून ७४१ हा ऑप-ॲम्प गेलेला असतो. फेअरचाइल्ड कंपनीत डेव्ह फुलागर यांनी तो आखला आणि १९६८ साली तो बाजारात आला. त्याला अधिक-उणे १५ व्होल्टचा सप्लाय द्या, इनपुट ग्राउंडवर ठेवा, आउटपुटला काहीही जोडू नका. तरीही तो साधारण १.७ मिलिअँपिअर करंट घेत राहतो. सप्लायच्या दोन टोकांमध्ये ३० व्होल्ट आहेत, म्हणजे सुमारे ५० मिलिवॉट. सिग्नल नाही, लोड नाही, काम काहीच नाही आणि खर्च मात्र अखंड चालू. डेटाशीटमध्ये याला क्वायसेंट करंट म्हणतात. ॲम्प्लिफायर चिप नीट समजून घ्यायची असेल तर गेन आणि बँडविड्थच्या आधी या आकड्यापाशी थांबावं, असं मला मनापासून वाटतं. चिपचा वेग, तिचा नॉइज, बॅटरीवर तिने किती दिवस काढावेत, हे सगळं इथून निघतं. ‘लो पॉवर मोड’ म्हणून जे दिलं जातं, तेही याच आकड्याशी केलेला व्यवहार असतो.

डिजिटल गेटला असा खर्च जवळपास नसतो. सीमॉस गेटमध्ये सप्लाय आणि ग्राउंडच्या मध्ये दोन ट्रान्झिस्टर एकावर एक बसवलेले असतात. आउटपुट वर असो की खाली, दोघांपैकी एक पूर्ण बंद असतो, त्यामुळे करंटला वाटच नसते. अवस्था बदलते त्या क्षणापुरता काय तो खर्च. ॲम्प्लिफायरला ही सोय नाही. सिग्नल वर गेला तरी त्याला टिपायचा असतो आणि खाली आला तरी. म्हणून ट्रान्झिस्टर पूर्ण उघडा किंवा पूर्ण बंद ठेवून भागत नाही. मधल्या अवस्थेत धरून ठेवावा लागतो. त्यालाच बायस देणं म्हणतात, आणि बायस म्हणजे सतत वाहणारा करंट.

हा करंट किती ठेवायचा, यावर ट्रान्झिस्टर किती तल्लख राहील ते ठरतं. बायपोलर ट्रान्झिस्टरच्या बाबतीत हिशेब फार स्वच्छ आहे. बेसचं व्होल्टेज किंचित हललं तर कलेक्टरचा करंट किती हलेल, हे प्रमाण म्हणजे ट्रान्सकंडक्टन्स. आणि ते कलेक्टर करंटला थर्मल व्होल्टेजने भागून मिळतं. खोलीच्या तापमानाला थर्मल व्होल्टेज २६ मिलिव्होल्टच्या आसपास असतं. म्हणजे १ मिलिअँपिअरवर धरलेला ट्रान्झिस्टर एका मिलिव्होल्टच्या बदलाला सुमारे ३८ मायक्रोअँपिअरने उत्तर देतो. तोच ट्रान्झिस्टर १ मायक्रोअँपिअरवर धरला तर उत्तर हजार पटींनी लहान होतं. थर्मल व्होल्टेज तापमानातून आणि इलेक्ट्रॉनच्या विद्युतभारातून येतं. ते बदलणं कुठल्याही कारखान्याच्या हातात नाही.

आता ७४१च्या आत १.७ मिलिअँपिअर जातो कुठे ते पाहू. सिग्नल सर्वात आधी ज्या इनपुटच्या जोडीवर येतो, तिच्या वाट्याला जेमतेम २० मायक्रोअँपिअर येतात. दुसऱ्या टप्प्याला, जिथे बराचसा गेन मिळतो, साधारण अर्धा मिलिअँपिअर. आउटपुटच्या ट्रान्झिस्टरांना जागं ठेवायला आणखी थोडा. उरलेला मोठा हिस्सा मात्र सिग्नलच्या वाटेवर नसतोच. चिपच्या आत दोन सप्लायच्या मध्ये ३९ किलोओहमचा एक रेझिस्टर आहे. त्यातून वाहणारा करंट हा बाकी सगळ्या शाखांचा मापदंड. त्याच्या नकला करून इतर टप्प्यांना बायस दिला जातो. ३० व्होल्टमधून दोन ट्रान्झिस्टरांचे मिळून १.४ व्होल्ट वजा करा, ३९ किलोओहमने भागा, की ०.७३ मिलिअँपिअर येतात. खर्चाचा चाळीस टक्क्यांहून मोठा भाग केवळ मापदंड उभा करण्यात जातो.

याचा एक परिणाम सहज नजरेतून सुटतो. सप्लाय अधिक-उणे ५ व्होल्टवर आणला तर त्याच रेझिस्टरमधून फक्त ०.२२ मिलिअँपिअर वाहतो. मापदंड घटला की त्याच्या सगळ्या नकलाही घटतात, आणि चिप कमी खाते, पण मंदही होते. या जुन्या आखणीत सप्लाय व्होल्टेज आणि वेग एकमेकांना बांधलेले आहेत. नंतरच्या चिपांनी ही गाठ सोडवली. त्यांच्यातला मापदंड सप्लायवर फारसा अवलंबून नसतो, म्हणून बॅटरी उतरत गेली तरी चिपची चाल फारशी बदलत नाही.

करंट घटला की मंदपणा का येतो, हे ७४१मध्येच मोजून दाखवता येतं. ऑप-ॲम्पला फीडबॅक दिल्यावर तो स्वतःच आंदोलन करू लागू नये म्हणून आत ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर ठेवलेला आहे. आउटपुट हलायचं तर हा कपॅसिटर भरावा किंवा रिकामा करावा लागतो, आणि त्यासाठी इनपुट टप्प्याकडे फार तर ते २० मायक्रोअँपिअरच असतात. नळाची धार ठरलेली, हंड्याचं मापही ठरलेलं; मग हंडा किती वेळात भरेल हे सांगायला कुणी शास्त्रज्ञ लागत नाही. २० मायक्रोअँपिअरला ३० पिकोफॅरडने भागलं की मायक्रोसेकंदाला ०.६७ व्होल्ट येतात, डेटाशीट ०.५ सांगतं. यालाच स्ल्यू रेट म्हणतात. बँडविड्थही याच दोन गोष्टींतून निघते: इनपुट टप्प्याचा ट्रान्सकंडक्टन्स, जो करंटवर ठरतो, आणि तोच कपॅसिटर. हिशेब मांडला तर जवळपास १ मेगाहर्ट्झ येतो, आणि ७४१ची ओळखही तीच आहे. पाठ्यपुस्तकातलं गणित आणि दुकानातून आणलेली चिप इतकी जुळतात, तेव्हा शिकणाऱ्याला होणारा आनंद मला अजूनही मोलाचा वाटतो.

मग करंट किती ठेवायचा हे वापरणाऱ्यालाच ठरवू दिलं तर? एलएम४२५०सारख्या चिपांनी हेच केलं. बाहेरून एक रेझिस्टर जोडायचा, त्यातून जाणारा करंट हाच मापदंड. रेझिस्टर मोठा घेतला की चिप काटकसरी आणि मंद, लहान घेतला की खर्चिक आणि चपळ. पण ही देवाणघेवाण सर्वात स्पष्ट दिसते ती टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या टीएलसी२७१ या सीमॉस ऑप-ॲम्पमध्ये. तिची आठवी पिन ‘बायस सिलेक्ट’ म्हणून राखलेली आहे. ती ग्राउंडला जोडली की चिप हाय बायसमध्ये जाते, सप्लायच्या मध्यावर ठेवली की मीडियम, आणि थेट सप्लायला जोडली की लो. पिनवर जास्त व्होल्टेज म्हणजे चिपला कमी करंट, असा हा उलटा क्रम आहे. सर्किट जोडताना तो ध्यानात ठेवावा लागतो.

५ व्होल्टवर हाय बायसमध्ये ही चिप ३३७५ मायक्रोवॉट घेते, मीडियममध्ये ५२५ आणि लोमध्ये फक्त ५०. म्हणजे वरपासून खालपर्यंत सुमारे ६७ पट बचत. बदल्यात काय जातं? बँडविड्थ १.७ मेगाहर्ट्झवरून ९० किलोहर्ट्झवर येते, म्हणजे साधारण १९ पट घट. स्ल्यू रेट मायक्रोसेकंदाला ३.६ व्होल्टवरून ०.०३ व्होल्टवर उतरतो, १२० पट. बँडविड्थच्या प्रत्येक रूट हर्ट्झमागे मोजलेला नॉइज २५ नॅनोव्होल्टवरून ६८वर चढतो. आणि गेन? तो वाढतो. हाय बायसमध्ये २३ हजार असलेला गेन लोमध्ये ४ लाख ८० हजार होतो.

या आकड्यांपाशी थोडं रेंगाळायला हवं, कारण ते एका प्रमाणात घटत नाहीत आणि शिकण्यासारखं जे आहे ते तिथेच आहे. मॉसफेटमध्ये, म्हणजे सीमॉस चिपमधल्या ट्रान्झिस्टरमध्ये, भरपूर करंट वाहत असतो तेव्हा ट्रान्सकंडक्टन्स करंटच्या प्रमाणात वाढत नाही, त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. करंट चौपट केला तर तल्लखपणा फक्त दुप्पट. म्हणजे मोठ्या करंटवर मॉसफेट उधळ्या असतो. उलट करंट कमी करत गेलं की एक टप्पा असा येतो की मॉसफेट बायपोलरसारखा वागू लागतो आणि ट्रान्सकंडक्टन्स थेट करंटच्या प्रमाणात येतो. या अवस्थेला वीक इन्व्हर्जन म्हणतात, आणि खर्चलेल्या प्रत्येक मायक्रोअँपिअरमागे सर्वाधिक काम इथेच मिळतं. करंट ६७ पट घटूनही बँडविड्थ १९ पटच का घटली, याचं उत्तर या दोन अवस्थांच्या मध्ये आहे. गेन वाढण्याचं कारणही जवळचंच. करंट घटला की ट्रान्झिस्टरचा आउटपुट रोध त्याच प्रमाणात वाढतो, ट्रान्सकंडक्टन्स मात्र तितक्या झपाट्याने घटत नाही. दोहोंचा गुणाकार म्हणजे गेन, म्हणून तो चढतो. तापमानासारखा सावकाश बदलणारा सिग्नल अचूक मोजायचा असेल तर लो बायस ही तडजोड उरत नाही. तिथे ती अधिक चांगली निवड ठरते.

संगीताचं मात्र वेगळं. मायक्रोसेकंदाला ०.०३ व्होल्ट एवढ्या चालीत १ व्होल्ट शिखराची साइन लाट फार तर ४.८ किलोहर्ट्झपर्यंत जशीच्या तशी बाहेर येते. त्याच्या वर ती त्रिकोणी होऊ लागते. बँडविड्थ ९० किलोहर्ट्झ लिहिलेली पाहून ऑडिओला पुरेल असं वाटतं, पण मोठ्या सिग्नलला अडवतो तो स्ल्यू रेट. लो पॉवर चिप निवडताना हे दोन्ही आकडे शेजारी ठेवूनच पाहावेत.

वीक इन्व्हर्जनचा हा गुण पद्धतशीरपणे वापरात आणण्याचं बरंच श्रेय स्वित्झर्लंडच्या घड्याळांकडे जातं. न्यूशातेल इथल्या घड्याळ-इलेक्ट्रॉनिक्सच्या संशोधन केंद्रात क्वार्ट्झच्या मनगटी घड्याळांवर काम चाललं होतं. एवढ्याशा बॅटरीवर घड्याळ वर्षभर तरी चालायला हवं, म्हणजे सगळा खर्च मोजक्या मायक्रोअँपिअरमध्ये बसायला हवा. आणि क्वार्ट्झचं आंदोलन टिकवणारं सर्किट हाही एक ॲनालॉग ॲम्प्लिफायरच असतो. एरिक व्हिट्टोझ आणि जाँ फेलरात यांनी १९७७ साली वीक इन्व्हर्जनवर चालणाऱ्या ॲनालॉग सर्किटांवर निबंध प्रसिद्ध केला. या क्षेत्रातले लोक आजही त्याचा आधार घेतात.

आज ही वाट कुठवर आली ते मायक्रोचिपच्या एमसीपी६०४१मध्ये दिसतं. क्वायसेंट करंट ०.६ मायक्रोअँपिअर, बँडविड्थ १४ किलोहर्ट्झ, सप्लाय १.४ व्होल्टपासून पुढे. सीआर२०३२ या नाण्याएवढ्या बॅटरीत सुमारे २२० मिलिअँपिअर-तास असतात. सतत १० मायक्रोअँपिअर घेतले तर ती अडीच वर्षं पुरते; ०.६ मायक्रोअँपिअरला भागाकार चाळीस वर्षं दाखवतो. अर्थात बॅटरी त्याच्या कितीतरी आधी आपोआप म्हातारी होते. म्हणजे चिपचा खर्च आता हिशेबातून जवळपास बाहेर गेला, आणि लक्ष द्यायचं ते आजूबाजूच्या भागांकडे.

तिथे निष्काळजीपणा फार महाग पडतो. ५ व्होल्टवर १० किलोओहमचा एक रेझिस्टर अर्धा मिलिअँपिअर खातो, म्हणजे अशा आठशेहून अधिक चिपांइतका. ७८०५ हा सर्वांचा आवडता रेग्युलेटर स्वतःपुरते चार-पाच मिलिअँपिअर घेतो; नॅनोअँपिअरच्या चिपमागे तो लावणं म्हणजे सगळी काटकसर वाया. मोठ्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरची गळतीही काही मायक्रोअँपिअर असू शकते. रेझिस्टर मोठे घ्यावेत हे उघड आहे, पण त्यालाही मर्यादा आहेत. १ मेगाओहमचा रेझिस्टर स्वतःच रूट हर्ट्झमागे सुमारे १३० नॅनोव्होल्ट नॉइज निर्माण करतो. शिवाय इनपुटपाशी ५ पिकोफॅरड एवढं भटकं कपॅसिटन्स असलं तरी ३२ किलोहर्ट्झला सिग्नल घसरू लागतो. आणि बोर्डावर सोल्डरिंगचा फ्लक्स राहिला असेल, वर कोकणातल्यासारखी पावसाळी दमट हवा असेल, तर पृष्ठभागावरची गळती एवढ्या मोठ्या रोधांशी स्पर्धा करू लागते. अशा सर्किटांचा बोर्ड धुऊन, वाळवून, वर कोटिंग देणं हा आखणीचाच भाग मानायला हवा.

दुसरी वाट म्हणजे चिप मंद ठेवण्यापेक्षा सरळ झोपवायची आणि लागेल तेव्हा उठवायची. त्यासाठी अनेक चिपांना शटडाऊन पिन असते. ती ओढली की बायसचा मापदंडच तोडला जातो आणि खर्च मायक्रोअँपिअरखाली येतो. समजा, चिप जागेपणी १ मिलिअँपिअर घेते आणि सेकंदाला एक मोजणी करायची आहे. उठून, स्थिर होऊन, मोजून पुन्हा झोपायला ५ मिलिसेकंद लागत असतील तर सरासरी ५ मायक्रोअँपिअर पडते. सतत जाग्या असलेल्या १० मायक्रोअँपिअरच्या मंद चिपपेक्षा हे स्वस्त, आणि मोजणी जलद चिपच्या दर्जाची.

पण सगळं अवलंबून आहे ते ‘स्थिर होऊन’ या शब्दांवर. चिप स्वतः काही मायक्रोसेकंदांत उठते. तिच्याभोवतीचे कपॅसिटर इतक्या लवकर उठत नाहीत. एका सप्लायवर चालणाऱ्या सर्किटात निम्म्या सप्लायचा बिंदू बनवायला बहुतेक जण १०० किलोओहमचे दोन रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात. त्याचा टाइम कॉन्स्टंट अर्धा सेकंद. हजारात एका भागापर्यंत स्थिर व्हायला सात टाइम कॉन्स्टंट, म्हणजे साडेतीन सेकंद. सेकंदाला एकदा मोजणी करणाऱ्या सर्किटात असा बिंदू झोपवताच येत नाही. म्हणून तो बिंदू मोठ्या रेझिस्टरांवर कायम जागा ठेवतात आणि फक्त ॲम्प्लिफायर झोपवतात. डेटाशीटमधला टर्न-ऑन टाइम वाचून इथे निर्णय घेऊ नये. ऑसिलोस्कोपवर आउटपुट किती वेळात बसतं ते पाहावं.

झोपलेली चिप म्हणजे तुटलेली तार नव्हे, हेही नीट समजून घ्यायला हवं. तिचं आउटपुट बहुधा हाय इम्पीडन्समध्ये जातं, म्हणजे कुठेच ओढत नाही. पण इन्व्हर्टिंग जोडणीत इनपुट रेझिस्टर आणि फीडबॅक रेझिस्टर मिळून सिग्नलला इनपुटकडून आउटपुटकडे सरळ वाट उरतेच. सिग्नल थांबला असं गृहीत धरलं तर पुढच्या टप्प्यात तो पुन्हा भेटतो. शटडाऊन पिनऐवजी चिपचा सप्लायच तोडला तर आणखी एक गोष्ट घडते. इनपुट पिनपासून सप्लाय पिनकडे संरक्षणाचे डायोड असतात. सेन्सर चालूच असेल तर त्याचा करंट या डायोडमधून उलटा सप्लायमध्ये शिरतो, कपॅसिटर भरतो आणि चिप अर्धवट जागी राहते. बचत तर होतच नाही, वर आउटपुटवर काय येईल याचा भरवसा नसतो. उपाय साधा: सेन्सर आणि चिप एकाच स्विचखाली ठेवायचे, किंवा इनपुटला काही किलोओहमचा रेझिस्टर लावून तो करंट आवरायचा. शटडाऊन पिन मोकळी सोडणं मात्र कधीच नको. तिची पातळी रेझिस्टरने पक्की करावी.

स्पीकर चालवणाऱ्या चिपांमध्ये हीच कथा मोठ्या आकड्यांत दिसते. एलएम३८६ला ६ व्होल्टवर बसल्या जागी ४ मिलिअँपिअर लागतात आणि तिला शटडाऊन पिन नाही, म्हणून ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीवर ती चालू विसरली की काही दिवसांत बॅटरी संपते. १०० वॉटची टीडीए७२९४ साधारण ३० मिलिअँपिअर घेते. अधिक-उणे ३५ व्होल्टवर शांततेतच दोन वॉटची उष्णता. हा करंट वाया जात नाही. आउटपुटचे वरचे आणि खालचे ट्रान्झिस्टर दोघेही किंचित जागे राहावेत, सिग्नल एकाकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये खाच पडू नये, यासाठी तो असतो. एलएम३२४मध्ये चार ॲम्प्लिफायर मिळून फक्त ०.७ मिलिअँपिअर घेतात ते हा जागेपणा कमी करूनच, आणि म्हणून तिच्यातून गेलेल्या आवाजात ती खाच ऐकू येते. आउटपुट आणि ग्राउंडमध्ये एक रेझिस्टर लावून एकाच ट्रान्झिस्टरला कामाला जुंपलं की खाच जाते. किंमत अर्थात करंटातच मोजायची.

टीडीए७२९४ला स्टँडबाय आणि म्यूट अशा दोन वेगळ्या पिन दिल्या आहेत, आणि त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. चालू करताना आधी स्टँडबाय सोडायचा, आतले बायस स्थिर होऊ द्यायचे, मग म्यूट सोडायचा. बंद करताना आधी म्यूट लावायचा, मग स्टँडबाय. बायस उभा राहताना आउटपुट डगमगतं. ते डगमगणं स्पीकरपर्यंत पोचलं की ‘ढप’ असा आवाज येतो. दोन पिनांना वेगवेगळ्या वेळाचे रेझिस्टर-कपॅसिटर लावून हा क्रम आपोआप साधता येतो.

सप्लायच्या स्वच्छतेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण लो पॉवर मोडमध्ये ती अधिक भोवते. सप्लायमधली खळबळ आउटपुटवर येऊ न देण्याची चिपची ताकद ७४१मध्ये ९६ डेसिबल आहे: सप्लाय १ व्होल्टने हलला तर इनपुटपाशी त्याचा परिणाम सुमारे १६ मायक्रोव्होल्ट. पण हा आकडा सावकाश बदलांसाठी आहे. ही ताकद येते लूपमधल्या गेनमधून, आणि फ्रीक्वेन्सी वाढली की तो गेन आटतो. लो बायसमध्ये बँडविड्थच ९० किलोहर्ट्झ उरली असेल, तर ५० किलोहर्ट्झवर चालणाऱ्या स्विचिंग रेग्युलेटरची खळबळ अडवायला चिपकडे काहीच शिल्लक नसतं. म्हणून चिपच्या सप्लाय पिनलगत ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर हवाच, आणि रेग्युलेटर गोंगाट करणारा असेल तर मध्ये काही ओहमचा रेझिस्टर. मायक्रोअँपिअर घेणाऱ्या चिपला त्या रेझिस्टरवरचा व्होल्टेज ड्रॉप जाणवतही नाही. काटकसरी चिपचा हा एक फायदाच.

शेवटी, चार ॲम्प्लिफायरच्या चिपमधले न वापरलेले ॲम्प्लिफायर. ते मोकळे सोडले की इनपुट कुठेही तरंगतं, आउटपुट एखाद्या टोकाला आपटतं किंवा आंदोलन करू लागतं, आणि खर्च डेटाशीटच्या आकड्यापेक्षा वाढतो. अशा प्रत्येकाचं आउटपुट त्याच्याच इन्व्हर्टिंग इनपुटला जोडावं आणि दुसरं इनपुट निम्म्या सप्लायच्या बिंदूवर ठेवावं. मग चिपचा खरा खर्च मोजायला सप्लायच्या वाटेत १ किलोओहमचा रेझिस्टर घालून मल्टिमीटरने त्यावरचे मिलिव्होल्ट वाचावेत: जितके मिलिव्होल्ट, तितके मायक्रोअँपिअर.